रिंगण

रिंगण : पंढरपूरच्या आषाढी वारीत पालखीबरोबर चालणारे अश्व, दिंड्यांनी मोकळ्या राखलेल्या जागेतून सर्व समाजासमक्ष दौडविण्याचा सामूहिक खेळ व विधी. दिंड्या रस्त्याच्या दुतर्फा रांगा धरून उभ्या राहतात आणि त्यांच्या मधून अश्व सरळ दौडतात, ते ‘उभे रिंगण’. मोकळ्या मैदानात पालखीभोवती वर्तुळाकार धावपट्टी राखून तीवर अश्व फेऱ्या घेतात, ते ‘गोल रिंगण’. आळंदीहून निघणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीचे पहिले रिंगण सातारा जिल्ह्यात, लोणंदचा मुक्काम हलल्यानंतर तरडगावच्या अलीकडे ‘चांदोबाचा लिंब’ या ठिकाणी होते. ते उभे रिंगण असते.

मराठीत रिंगण म्हणजे वर्तुळ. भोवऱ्याच्या व गोट्यांच्या खेळात मुले जमिनीवर जे वर्तुळ आखतात त्यालाही रिंगणच म्हणतात. सरळ रेषेतील दौडीला उभे का होईना, पण रिंगण म्हणावे, यावरून वारीच्या बोलीत या शब्दाचा अर्थ आकाराकडून राखलेल्या जागेकडे सरकलेला दिसतो. जेथे पाऊल टाकावयाचे नाही असे सर्वांनी मानले आहे, ती जागा म्हणजे रिंगण. या खेळाचे मर्मही तेथेच आहे. रिंगणाला मैदान आहे, धावणारे आहेत, प्रेक्षक आहेत, मैदान लावून देणारा अधिकारी आहे. खेळाला लागणारी जवळजवळ सर्व अंगे त्यात आढळतात. नाही ते एकच : प्रतिस्पर्धी. दोन अश्व एकामागून एक धावतात, प्रेक्षक हर्षाने ओरडतात. परंतु कोण जिंकले हा प्रश्न विचारला जात नाही. पैज, बक्षीस वा गुण यांचा संबंध येत नाही. अश्वसंस्कृती असलेल्या बहुतेक समाजांत घोड्यावरील खेळ चढाओढीचे आहेत. त्यांच्यामध्ये रिंगणाचे हे वेगळेपण लक्षात घेण्याजोगे आहे.

पूर्वपीठिका : वारकऱ्यांची पंढरीची पायी वारी ज्ञानेश्वरांच्या काळापूर्वीपासून चालत आली आहे. पादुका पालखीत घालून समूहाने जाण्याची प्रथा मात्र उत्तरकालीन आहे. तुकारामांचे धाकटे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ च्या सुमारास ज्ञानोबा-तुकाराम यांची एकत्र पालखी सुरू केली. ज्ञानेश्वरांच्या पालखीचा स्वतंत्र सोहळा उभारला तो हैबतबाबा आरफळकर यांनी, सु. १८३२ मध्ये. हैबतबाबा हे सातारा तालुक्यातील आरफळचे. ते ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी लष्करी सेवेत होते. उत्तरेतून गावी परतत असता सातपुड्याच्या डोंगरात त्यांना भिल्लांनी कैद केले व तेथून सुटका झाल्यावर त्यांनी घराची वाट सोडून आळंदी गाठली, अशी परंपरेने सांगितली जाणारी हकीकत आहे. उरलेले आयुष्य त्यांनी आळंदीस ज्ञानेश्वरांच्या सेवेत घालविले आणि १८३६ मध्ये तेथेच त्यांचे देहावसान झाले. सोहळ्यासाठी लागणारे अश्व, तंबू व नैवेद्याची व्यवस्था अंकली (जि. बेळगाव) येथील शितोळे सरकारांनी पुरविली. हे घराणे शिंद्यांशी सोयरीक असलेले. अश्वांचा मान आजही त्यांच्याकडेच आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मराठी घोडदळाचे बहुतेक काम संपले. त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी उभ्या राहिलेल्या या सोहळ्याची रचना पाहिली, तर ती उभारणाऱ्याने लष्करी कूच जवळून पाहिले होते याविषयी शंका राहत नाही. सर्वांत पुढे बैलगाडीवरील नगारखाना, त्यामागे जरीपटका घेतलेला स्वार व दुसरा रिकामा अश्व, मग क्रमांकाने बांधलेल्या दिंड्या, मध्ये पालखीचा रथ व पुन्हा मागे दिंड्या, असा क्रम ठरलेला असतो. रथापुढे सत्तावीस दिंड्या असतात. मागील दिंड्यांची संख्या काळाबरोबर वाढत गेली आहे. पहाटे मुक्काम हलविण्याचे इशारे कर्णा फुंकून दिले जातात, तंबू पुढे जातात, मुक्कामाचे तळ ठरलेले असतात. जरीपटका हे तर मराठी फौजेचे निशाण. फौजेची चौकट तशीच ठेवून तिच्यातून शत्रू वगळला, असे या रचनेचे वर्णन करता येईल. रिंगणात धावणाऱ्या अश्वाकडेही याच दृष्टीने पाहावे लागते.

मराठी घोडेस्वारांचे स्वतःचे खेळ होते. त्यांपैकी बोथाटी हा खेळ विशेष प्रसिद्ध होता. पात्याऐवजी टोकाला कापड गुंडाळलेला गोळा बसविलेला लांब भाला, म्हणजे बोथाटी. गोळा रंगात बुडवीत, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर ठिपका उमटला की वार लागला हे वादाविना ठरे. एका स्वाराने बोथाटी चालवावयाची व दुसऱ्याने ढाल-तलवार घेऊन ती चुकवावयाची, असा सराव असे. चुकविणारा स्वार घोड्याच्या एका कुशीला लटकून स्वतःचा बचाव करी. जमिनीत ठोकलेली मेख भरधाव घोड्यावरून भाल्याने उचलण्याचा खेळ सैन्यदलांच्या घोडेस्वारांत पुढेही चालू राहिला. बोथाटी मात्र घोडदळाबरोबर मागे पडली. गावोगावच्या सामान्य मराठी माणसाला भरधाव घोडा जवळून, सन्मानाने व कोणतेही मूल्य न देता पाहावयास मिळतो तो प्रसंग आता मुख्यतः रिंगणाचाच उरला आहे.

अश्व : ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर दोन अश्व असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार बसतो. त्याला स्वाराचा अश्व म्हणतात. दुसरा ‘माउलींचा अश्व’. त्याच्यावर खोगीर, झूल व अलंकार चढविलेले असतात, परंतु स्वार नसतो. त्याच्यावर स्वतः ज्ञानेश्वर आरूढ असतात, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. त्यामुळे रस्त्याने चालताना या अश्वाच्या पाठीला कोणी हात टेकवीत नाही. पायांना मात्र वाटेवरील गावकरी वाकून स्पर्श करतात. दोन्ही अश्व ज्येष्ठ महिन्यात अंकलीहून निघतात आणि सांगली, सातारा व पुणे या जिल्ह्यांतून मजल दरमजल करीत प्रस्थानापूर्वी आळंदीस पोहोचतात. म्हणजे साताऱ्याचा प्रदेश त्यांना वारीच्या आधी एकदा व वारीत एकदा, असा दोनदा लागतो. आळंदीस पोहोचल्यावर ज्येष्ठ वद्य अष्टमीस होणाऱ्या प्रस्थानाच्या वेळी हे अश्व मंदिराच्या आवारात आणले जातात.

माउलींच्या अश्वाचे काम स्वाराच्या अश्वापेक्षा अवघड आहे. भरधाव घोडा वळविणे, आवरणे, गर्दीचा अंदाज घेणे ही कामे एरव्ही पाठीवरचा माणूस करतो. येथे ती अश्वाने स्वतः करावयाची असतात. दोहों बाजूंना हजारो माणसे, हजारो टाळांचा एकाच वेळी उठणारा आवाज, फडफडणाऱ्या पताका व वरून पडणारे बुक्क्याचे आणि फुलांचे मूठमूठ, यांतून लगाम मोकळा असलेला घोडा बुजू न देता नेणे हे शिकवणुकीचे काम आहे. घोडा हा स्वभावतः पळून जीव वाचविणारा प्राणी. अनोळखी हालचाल दिसताच उधळणे हा त्याचा धर्म. म्हणून स्वाराचा अश्व पुढे दौडवून दुसऱ्याला त्याच्यामागे सोडतात. कळपात राहणारा घोडा पुढच्या घोड्याचा माग धरतो, या गुणाचा येथे उपयोग होतो. मागून आलेला माउलींचा अश्व पुढच्याला गाठतो, क्वचित मागे टाकतो, आणि त्या क्षणी ‘माउली, माउली’ असा जो घोष होतो तो मैलभर ऐकू येतो.

या मार्गाचा घोड्याशी असलेला संबंध जुना आहे. दख्खनी घोड्यांत भीमा व नीरा या नद्यांच्या खोऱ्यांतील पैदास उत्तम समजली जाई आणि भीमथडीची तट्टे हे मराठी फौजेच्या वेगाचे एक कारण होते. बेताची उंची, काटक पाय, थोड्या चाऱ्यावर लांबचा पल्ला मारण्याची ताकद हे त्यांचे गुण. फौजा गेल्या तरी हा घोडा निखालस नाहीसा झाला नाही. लोणंद, फलटण, बारामती या भागांतून मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगरांनी तो ओझ्यासाठी जपला. पाली, भांडी, कोकरे व लहान मुले या तट्टांच्या पाठीवरून हलविली जातात. अलीकडे कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदविली आहे. पालखीचे अश्व सहसा याहून उंच व डौलदार निवडले जातात. तथापि रिंगण पाहावयास येणाऱ्यांत घोड्याची पारख असणारे जे लोक असतात, ते बहुधा याच तट्टांच्या सहवासात वाढलेले असतात.

चांदोबाचा लिंब : आळंदी ते पंढरपूर हा पालखीमार्ग सु. २५० किमी. लांबीचा आहे. पुणे, सासवड, जेजुरी व वाल्हे हे मुक्काम करून पालखी नीरा नदीवर येते. येथे नदी ही पुणे व सातारा या जिल्ह्यांची सीमा आहे. पादुकांना नीरास्नान घातल्यावर पालखी पाडेगाव येथे सातारा जिल्ह्यात प्रवेश करते व मुक्कामासाठी लोणंदला येते. खंडाळा तालुक्यातील हे गाव पुणे-मिरज लोहमार्गावरील स्थानक असून कांद्याचा बाजार व शेळ्यामेंढ्यांचा बाजार यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथींच्या वृद्धिक्षयाप्रमाणे येथील मुक्काम कधी लांबतो, कधी आखडतो. ज्येष्ठ अमावास्येच्या आसपासचे हे दिवस. सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस कोसळत असतो, परंतु लोणंद-फलटणचा पट्टा पर्जन्यछायेतील असल्याने येथे पुष्कळदा नुसते ढग व धूळ असते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा पेरणीच्या घोराचा काळ. वारीत चालणाऱ्यांपैकी अनेकांनी आपली पेरणी उरकून, वा ती घरच्यांवर टाकून, वाट धरलेली असते.

दुपारी लोणंदहून पालखी निघते व तरडगावच्या वाटेने चांदोबाचा लिंब येथे येते. लिंब म्हणजे कडुलिंब. झाडावरून जागेला नाव पडावे ही महाराष्ट्रातील जुनी रीत. रथ थांबतो. चोपदार पुढे होऊन दिंड्या लावून घेतात. एरव्ही चालताना दिंडी रस्त्याची सर्व रुंदी व्यापते. आता ती उभी दुभंगते व वारकरी रस्त्याच्या दोन्ही कडांना समोरासमोर तोंडे करून उभे राहतात. रथापुढील व मागील दिंड्या अशा उभ्या राहिल्या म्हणजे मध्ये एक लांब, अरुंद व पूर्ण रिकामी वाट तयार होते. तिला दोरी नसते, कठडा नसतो. पताकाधारी आपल्या पताका उंच धरतात, टाळकरी ठेका धरतात, पखवाजाची लय चढत जाते.

मग अश्व सुटतात. जरीपटका घेतलेला स्वार पुढे व माउलींचा अश्व मागे, असे ते दिंड्यांमधून दौडत रथाकडे येतात; रथामागील दिंड्यांकडेही जाऊन परततात. पादुकांपुढे अश्वाचे मस्तक टेकविले जाते, त्याला प्रसाद दिला जातो आणि तो पुन्हा आपल्या जागी, सोहळ्याच्या अग्रभागी जातो. प्रत्यक्ष दौड काही मिनिटांचीच. ती संपताच इतका वेळ कडेला थोपून राहिलेला समाज वाटेवर उतरतो आणि अश्वांच्या टापांखालची माती कपाळाला लावतो. कोणी ती पदराच्या गाठीत बांधून घेतो. घरी नेऊन ती शेतात टाकणारेही आहेत. त्यानंतर टाळकरी व पखवाजवादक रथाजवळ गोळा होतात व ‘उडी’चा खेळ होतो. ठेक्यावर एकाच वेळी खाली वाकणे, उसळणे, पावले टाकणे असा तो खेळ असून त्यात शेकडो टाळांचा एकच आवाज निघतो. ठिकठिकाणी फुगड्या सुरू होतात. सासू-सून, गुरु-शिष्य, म्हातारे व मुले, कोणीही कोणाबरोबर फुगडी घालतो व खेळून झाले की एकमेकांच्या पाया पडतो.

रिकामी वाट राखणे ही या रिंगणातील सर्वांत अवघड गोष्ट होय, आणि ती साधते कशी हे समजण्यासाठी वारीतील शिस्तीचे स्वरूप पाहावे लागते. रोज मुक्कामी समाजआरतीच्या वेळी सर्व दिंड्या पालखीभोवती टाळ वाजवीत उभ्या राहतात. चोपदार आपला दंड वर करतो व क्षणात सर्व टाळ थांबतात. ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती तेवढी टाळ वाजवीत राहते. मग तिचे म्हणणे ऐकून घेतले जाते, सापडलेल्या व हरवलेल्या वस्तू पुकारल्या जातात, दुसऱ्या दिवशीच्या कुचाची वेळ सांगितली जाते. लाखो माणसांच्या जमावात तक्रार नोंदविण्याची इतकी साधी व इतकी प्रभावी पद्धत क्वचितच आढळेल. रिंगणाची वाट हीच सवय राखते. चोपदाराचा दंड हे शिक्षेचे साधन नव्हे. लोणंदला पोहोचेपर्यंत आठवडाभर रोज संध्याकाळी त्या दंडाबरोबर थांबावयाचे अंगवळणी पडलेले असते, म्हणून तो दिसताच रांगा सरळ होतात. आळंदीजवळ पहिल्याच दिवशी उभे रिंगण लावले, तर ते इतके सहज लागेल की नाही याची शंका वाटते.

गोल रिंगण : सोलापूर जिल्ह्यात मोकळी मैदाने मिळू लागतात व तेथे गोल रिंगणे होतात. ज्ञानेश्वरांच्या पालखीची अशी रिंगणे पुरंदवडे (सदाशिवनगर), खुडूस फाटा, ठाकूरबुवाची समाधी व बाजीराव विहीर येथे होतात. बाजीराव विहिरीपाशी उभे व गोल अशी दोन्ही होतात आणि शेवटचे उभे रिंगण पंढरपूरच्या वेशीनजीक इसबावी येथे होते. अशा रीतीने उभी तीन व गोल चार असा क्रम आहे. गोल रिंगणात पालखी मध्यभागी ठेवतात, तिच्याभोवती दिंड्या बसतात वा उभ्या राहतात, त्यांच्याबाहेर धावपट्टी व तिच्यापलीकडे प्रेक्षक. अश्वांच्या आधी माणसे धावतात : प्रथम पताकाधारी, मग डोक्यावर तुळशीवृंदावन व पाण्याचे हंडे घेतलेल्या स्त्रिया, वीणेकरी, टाळकरी, गळ्यात पखवाज अडकविलेले वादक. तुळशीचे कुंडे डोक्यावर तोलून साठी उलटलेल्या स्त्रीने पट्टीवर फेरी मारावी, हे दृश्य गोल रिंगणाखेरीज इतरत्र दिसावयाचे नाही. सर्वांत शेवटी अश्व सुटतात व पालखीभोवती फेऱ्या घेतात. मंदिरात देवाला घालावयाची प्रदक्षिणा येथे दौडीच्या रूपाने घातली जाते, असा याचा अर्थ लावतात. उभ्या रिंगणाला हा अर्थ लागू पडत नाही. ते स्वागताच्या व मुजऱ्याच्या अधिक जवळचे आहे.

देहूहून निघणाऱ्या तुकारामांच्या पालखीची वाट बारामती-इंदापूरवरून जाते. तिची गोल रिंगणे बेलवाडी, इंदापूर व अकलूज येथे, तर उभी माळीनगर व बाजीराव विहीर येथे होतात. या वाटेवर काटेवाडीस होणारे मेंढ्यांचे रिंगण हा एक विशेष प्रकार आहे. धनगर आपली मेंढरे पालखीच्या रथाभोवती धावडवितात व पालखीसाठी धोतरांच्या पायघड्या घातल्या जातात. घोडा हे सरदाराचे व स्वाराचे वैभव. मेंढरू हे मेंढपाळाचे सर्वस्व. ज्याच्याजवळ जे आहे ते त्याने पालखीभोवती फिरवून आणावे, हे रिंगणामागील मूळ सूत्र काटेवाडीत अधिक उघडपणे दिसते. इतर काही संतांच्या पालख्यांतही, उदा., पैठणच्या एकनाथांच्या पालखीत, रिंगणे होतात.

अन्य अश्वक्रीडांशी तुलना : मध्य आशियातील भटक्या पशुपालकांचे घोड्यावरील खेळ रिंगणाच्या नेमके उलट टोकाला आहेत. किरगीझ लोकांचा ‘कोक-बोरू’ (दुसरे नाव ‘उलक तार्तिश’) हा त्यांपैकी प्रमुख होय. कोक-बोरू म्हणजे करडा लांडगा. कळपावर आलेल्या लांडग्याचा घोड्यावरून पाठलाग करून त्याला मारावयाचे व मेलेले जनावर एकमेकांकडून हिसकावून घ्यावयाचे, यातून हा खेळ निघाला अशी पारंपरिक समजूत आहे. पुढे लांडग्याच्या जागी मुंडके छाटलेल्या बोकडाचे धड आले. दोन संघांचे स्वार ते धावत्या घोड्यावरून वाकून जमिनीवरून उचलतात, मांडीखाली दाबून धरतात आणि प्रतिपक्षाच्या बाजूला असलेल्या ‘तायकझान’ या उंच, गोल कट्ट्याच्या खळग्यात टाकतात. जुन्या पद्धतीत असंख्य स्वार एकाच वेळी झुंजत व मैदानाला सीमा नसे. आधुनिक नियमांनुसार संघ बारा जणांचा असून एका वेळी चारच स्वार मैदानात असतात व वीस मिनिटांचे तीन डाव होतात. काही ठिकाणी खऱ्या धडाऐवजी तशीच वजनदार प्रतिकृती वापरतात. इसिक-कूल सरोवराकाठच्या चोल्पोन-आता येथे २०१४ मध्ये भरलेल्या पहिल्या जागतिक भटक्या-जमाती क्रीडास्पर्धांमुळे या खेळाला आंतरराष्ट्रीय प्रसिद्धी मिळाली, व २०१७ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत त्याचा समावेश केला. कझाकांचा ‘कोकपार’ व अफगाणिस्तानातील ‘बुझकशी’ हे याच जातीचे खेळ.

इराणी ‘चौगान’ हा दुसरा मोठा प्रवाह. तो मध्ययुगात भारतात आला. दिल्लीचा सुलतान कुत्बुद्दीन ऐबक हा १२१० मध्ये लाहोर येथे चौगान खेळताना घोड्यावरून पडून मरण पावला. मणिपूरमध्ये टिकून राहिलेल्या त्याच्या भावंड खेळावरून एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी आधुनिक पोलो घडविला (⟶ पोलो).

या खेळांत आणि रिंगणात एक गोष्ट समान आहे. सर्वांचा उगम घोड्यावर जगणाऱ्या वा लढणाऱ्या माणसांत आहे व त्यांचे मूळचे काम सुटल्यावर किंवा मागे पडल्यावरही घोडा सोडावयास मन होत नाही, ही त्या सर्वांमागील भावना आहे. फरक आहे तो पुढचा. कोक-बोरूत स्वार हाच नायक असतो व घोडा त्याचे साधन. त्यातील बळ, धाडस व डावपेच यांनी स्वाराची कीर्ती होते, आणि उत्तम खेळाडूंची नावे खेड्याखेड्यांत सांगितली जातात. रिंगणात नायक आहे तो रिकाम्या खोगिराचा घोडा. स्वाराचे नाव बहुतेक प्रेक्षकांना ठाऊकही नसते. कोक-बोरूत मैदान आधी आखलेले असते व झुंज त्यात होते. रिंगणात मैदान प्रेक्षकांच्या शरीरांनीच तयार होते व ते हलले की नाहीसे होते. या अर्थाने उभ्या रिंगणात दोन अश्व आणि एक स्वार एवढेच खेळाडू नसून रांगेत उभा असलेला प्रत्येक वारकरी खेळाडू आहे, आणि त्याची कामगिरी न हलण्याची आहे.

बदलती परिस्थिती : रिंगणाचे वर्णन आधुनिक मराठी लेखनात अनेकदा आले आहे. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) हे पुस्तक ही वारीच्या डोळस निरीक्षणाची उत्तम उदाहरणे. त्या काळातील वारी आणि आजची वारी यांत संख्येचा फरक मोठा आहे. दूरचित्रवाणीमुळे रिंगणे घरोघरी दिसू लागली व केवळ रिंगण पाहण्यासाठी मोटारींनी येणारा वर्ग वाढला. हा प्रेक्षक श्रद्धाहीन असतो असे नव्हे. पण तो चालून आलेला नसतो. समाजआरतीत दंडाबरोबर थांबण्याची सवय त्याला नसते. छायाचित्र घेण्यासाठी तो एक पाऊल पुढे येतो, त्याच्या मागचा आणखी एक पाऊल, आणि वाट अरुंद होत जाते. भरधाव घोड्याला थांबण्यास अंतर लागते. बिनस्वाराच्या घोड्याला वाट बंद झालेली दिसली, तर तो कोणत्या बाजूला वळेल हे सांगता येत नाही. पोलीस बंदोबस्त व स्वयंसेवकांची साखळी ही आता मोठ्या रिंगणांची गरज बनली आहे. दोरीवाचून राहणाऱ्या वाटेला दोरीची गरज पडू लागली, हा बदल वरवर लहान वाटला तरी रिंगणाच्या गाभ्याला स्पर्श करणारा आहे.

रस्त्याचा प्रश्न निराळा. मातीच्या वाटेवर टाप रुतते व घोड्याला पकड मिळते. डांबरी वा काँक्रीटच्या पृष्ठावर नाल घसरतो व सांध्यांना हादरे बसतात. आळंदीच्या पालखीमार्गाचे राष्ट्रीय महामार्ग ९६५ म्हणून चौपदरीकरण हाती घेण्यात आले आणि ८ नोव्हेंबर २०२१ रोजी त्या कामाची कोनशिला बसविण्यात आली. या योजनेत रस्त्यालगत पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र वाट धरलेली आहे. वाहनांच्या धोक्यातून दिंड्यांची सुटका होण्याच्या दृष्टीने ही सोय मोलाची आहे. मात्र उभे रिंगण हे रस्त्यावरच होत असल्याने त्याची जागा रस्त्याच्या रचनेवर अवलंबून असते. गोल रिंगणाचे मैदान हलविता येते. उभ्या रिंगणाला सलग, सरळ, दुभाजक नसलेली लांब वाट हवी. तीवर मातीचा थर पसरता आला, तर अश्वांच्या पायांच्या दृष्टीने उत्तम.

करोनाच्या साथीमुळे २०२० व २०२१ या दोन वर्षी पायी वारी निघाली नाही. पादुका एस.टी.च्या बसने आळंदीहून पंढरपुरास नेण्यात आल्या. त्या दोन्ही वर्षी चांदोबाचा लिंब येथे दिंड्या उभ्या राहिल्या नाहीत. २०२२ मध्ये वारी पुन्हा पायी निघाली, नीरास्नान होऊन पालखी लोणंदला उतरली आणि मुक्काम हलल्यावर पहिले उभे रिंगण नेहमीच्या जागी झाले.